बँकेत पैसे आहेत पण पगाराला नाहीत: संस्था सांभाळायला घेतलेल्यांसाठी

संस्थेची जबाबदारी माझ्याकडे आली त्यानंतर तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. हिशोब बघणाऱ्या ताई टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, मॅडम, या महिन्याचे पगार होणार नाहीत. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला, म्हटलं अहो हे बघा की, खात्यात एवढी रक्कम दिसतेय, आठ महिने आरामात निघतील. त्या म्हणाल्या, दिसतेय हो, पण ती आपली नाहीये.

मग त्यांनी मला समोर बसवून एकेक आकडा उलगडून दाखवला. एवढी रक्कम एका फंडरची, म्हणजे पैसे देणाऱ्या संस्थेची, फक्त प्रशिक्षणासाठी. एवढी बांधकामाची, त्यातली वीट सोडून कशालाही हात लावायचा नाही. आणि भाडं, लाईटबिल, खुद्द ताईंचा आणि माझा पगार, गाडीचं डिझेल या सगळ्यासाठी मोकळा पैसा किती, तर अकरा दिवसांचा. दहा वर्षं मी फिल्डवर काम केलं होतं, काम चांगलं होतं म्हणूनच मला वर बसवलं, पण हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या महिन्यात पुढे काय झालं ते शेवटी सांगते. आधी, तुम्ही नुकतीच एखादी संस्था, ट्रस्ट, मंडळ काहीही हातात घेतलं असेल तर काय काय बघायचं आणि कसं करायचं, ते माझ्या अनुभवातून लिहितेय. क्रम फारसा पाळलेला नाही, जिथे जास्त मार खाल्ला तिथे जास्त लिहिलंय.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात बसवा कारण बाकी सगळं तिच्यातूनच निघतं. दुकानात जो पैसे देतो तोच माल नेतो, माल खराब निघाला की दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि दुकानदाराला न सांगता कळतं. आपल्याकडे पैसे एक जण देतो आणि सेवा दुसराच घेतो. देणारा लांब असतो, त्याला खरं काय चाललंय ते दिसत नाही, आणि घेणारा आपल्याच दारात असतो पण तो तक्रार करत नाही, कारण आहे तेही बंद होईल ही भीती असते. त्यामुळे संस्थेत काहीही बिघडलं तरी घंटी वाजत नाही. वर्षानुवर्षं वाजत नाही. लोक कौतुक करत राहतात, पुरस्कार मिळतात, आणि आतून वाळवी लागलेली असते. आपलं व्यवस्थापन म्हणजे बहुतांशी ही न वाजणारी घंटी मुद्दाम बसवायचं काम.

पैसा, म्हणजे नक्की कोणता पैसा

पहिल्या आठवड्यात दुसरं काही करू नका, हिशोबनीसाला घेऊन एक कागद बनवा. उभ्या रकान्यात प्रत्येक फंडर, आडवं पुढचे बारा महिने. कुठल्या महिन्यात कोणाचा हप्ता येणार, आणि तो कशावर खर्च करायची परवानगी आहे. शेवटचा रकाना मोकळ्या पैशाचा, म्हणजे जो कुठल्याच प्रकल्पाला बांधलेला नाही तो. खाली दर महिन्याचा न टळणारा खर्च लिहा. मोकळ्या पैशाला या मासिक खर्चाने भागलं की जे उत्तर येईल ते तुमच्या संस्थेचं खरं आयुष्य, कारण नव्या ग्रँट्स थांबल्या तर तेवढेच महिने. तीन ते सहा महिने असावं असं साधारण सगळीकडे सांगितलं जातं. आमचं अकरा दिवस होतं, सांगितलंच.

हप्त्याची तारीख धरताना एक पथ्य पाळा, करारात लिहिलेली तारीख धरू नका, गेल्या दोनतीन वर्षांत तो हप्ता प्रत्यक्षात कधी आला ते बघा आणि तेच धरा. करारात एप्रिल असतं, पैसे जुलैत येतात, आणि मधल्या तीन महिन्यांत संस्थाचालक देवाला नाहीतर ट्रस्टींना साकडं घालतो. आणि याच तीन महिन्यांत सगळ्यात वाईट सवय लागते ती म्हणजे या प्रकल्पाचे पैसे तात्पुरते त्या प्रकल्पाला वापरायचे, नंतर परत टाकू म्हणून. पहिल्यांदा परत टाकले जातात. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा कोणाला आठवत नाही कुठले कुठे गेले, आणि ऑडिटर विचारतो तेव्हा सगळे एकमेकांकडे बघतात. कोणी खिशात घातलेले नसतात, पण ते सिद्ध करायला कागद नसतो. फंडरला लेखी विचारा, मेल टाका, की एवढी रक्कम एवढे दिवस इकडे वापरायची परवानगी द्याल का. नाही म्हणाले तर नाही. पण विचारल्यावर हो म्हणणारे आपण समजतो त्यापेक्षा बरेच असतात.

आता मोकळा पैसा आणायचा कुठून. इथे सगळ्यांची बोंब असते की फंडर प्रकल्पाला देतात, ऑफिसला देत नाहीत, आणि ते खरंही आहे पण त्यात आपलाही हात आहे. आपणच प्रपोजलमध्ये प्रशासकीय खर्च कमीत कमी दाखवतो, पाच टक्के, सात टक्के, कारण वाटतं की जास्त दाखवला तर पैसे मिळणार नाहीत. मग फंडरला वाटतं सात टक्क्यांत भागतंय की. पुढच्या संस्थेकडून तो सहाची अपेक्षा करतो. म्हणून ती संस्था पाच दाखवते. अ‍ॅन गॉगिन्स ग्रेगरी आणि डॉन हॉवर्ड या दोघा अमेरिकन सल्लागारांनी २००९ मध्ये या प्रकाराला संस्थांच्या उपासमारीचं चक्र असं नाव दिलं, आणि नाव वाचल्यावर मला आमचा खुर्चीचा तुटलेला पाय आठवला जो चार वर्षं पुस्तकं लावून उभा होता. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या गाईडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाईज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी देणगीदारांना जाहीर पत्रच लिहिलं की नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्था चांगली की वाईट ठरवू नका. बरं यातली गंमत म्हणजे देणगीदारांना संस्थांची पारख करायला शिकवायचं कामच या तिघांचं, त्यामुळे त्यांनी हे म्हणणं याला वजन आहे.

मी काय करते सांगते. प्रत्येक प्रपोजलमध्ये हिशोबनिसाच्या वेळेचा वाटा, जागेचा वाटा, माझ्या वेळेचा वाटा, ऑडिटचा वाटा सरळ त्या प्रकल्पाचा खर्च म्हणून लिहिते. शेवटी एकच मोघम ओळ टाकून टक्के मागत बसत नाही. प्रशिक्षणाला जागा लागतेच ना, हिशोब कोणीतरी ठेवतंच ना, मग तो प्रशिक्षणाचाच खर्च आहे. एकदोघांनी काट मारली. बाकीच्यांनी काही विचारलंही नाही.

आणि छोटे देणगीदार जपा हो. दर महिन्याला थोडे थोडे देणारे दोनशे लोक हे एका मोठ्या फंडरपेक्षा जास्त कटकटीचे आहेत मान्य, पावत्या, आभाराचे मेल, कोणाचं नाव चुकलं, पण हा पैसा मोकळा असतो आणि दोनशे जण एकाच दिवशी निघून जात नाहीत. शिकागोचं हल हाऊस, गरीब वस्तीत काम करणारं, जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली सुरू केलेलं, ज्या अ‍ॅडम्सना पुढे १९३१ चं शांततेचं नोबेल मिळालं, ती संस्था जानेवारी २०१२ मध्ये बंद पडली. शंभराच्या वर वर्षं, एवढं नाव, आणि उत्पन्नाचा फार मोठा भाग एकट्या सरकारी पैशातून. तो आटला, मागणी मात्र वाढत राहिली. एकाच खांबावर छप्पर असेल तर तो खांब कितीही जाड असो, मोजताना एकच धरायचा.

याची उलटी बाजूपण आहे, अचानक आलेला पैसा. २०१४ च्या उन्हाळ्यात लोकांनी डोक्यावर बर्फाच्या पाण्याच्या बादल्या ओतून घेतल्या ते आठवतंय? त्यातून एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनला सुमारे ११.५ कोटी डॉलर मिळाले. असं काही तुमच्या नशिबी आलं, लहान प्रमाणात येतंच कधीतरी, एखादा व्हिडिओ फिरतो, कोणीतरी मृत्युपत्रात लिहून जातं, तर त्यावर कायमचे पगार लावू नका. एकदाच आलेला पैसा एकदाच होणाऱ्या खर्चाला किंवा राखीव निधीला. माणसं नेमलीत तर दोन वर्षांनी त्याच माणसांना घरी पाठवताना रडायची वेळ येते.

संस्थापक

हा विषय नाजूक आहे, आणि मी ज्यांच्याकडून संस्था घेतली ते हे वाचतील याचीही शक्यता आहे, तर असो.

संस्थापक म्हणजे ज्याने काही नसताना सुरुवात केली, स्वतःचे दागिने घर गहाण टाकलं, ज्याला प्रत्येक कार्यकर्त्याच्या मुलाचं नाव पाठ असतं. त्याच्या शब्दावर पैसे येतात. आणि म्हणूनच त्याला कोणी नाही म्हणत नाही. ट्रस्टी त्याचे मित्र असतात, स्टाफ त्याने वाढवलेला असतो. सुरुवातीच्या पाचसात वर्षांत हीच ताकद असते, नंतर तीच गळ्याशी येते, कारण संस्था वीस माणसांची ऐंशी माणसांची होते पण निर्णय अजून एकाच डोक्यातून निघत असतात.

लंडनच्या किड्स कंपनीची गोष्ट या बाबतीत सगळ्यांनी वाचावी. कामिला बॅटमॅनघेलिज या बाईंनी १९९६ मध्ये सुरू केली, हालाखीतल्या मुलांसाठी. कामिलांचं व्यक्तिमत्त्व असं की मंत्र्यांपासून गायकांपर्यंत सगळे पाठीशी. दारात आलेल्या मुलाला परत पाठवायचं नाही हे तत्त्व. ऐकायला किती छान वाटतं. पण येणाऱ्या मुलांना मर्यादा नाही म्हणजे खर्चाला मर्यादा नाही, आणि अडीनडीला राखून ठेवलेला पैसा जवळपास नव्हताच. २०१५ च्या उन्हाळ्यात गंभीर आरोपांच्या बातम्या आल्या, पुढे पोलिसांना त्यात गुन्हा सापडला नाही, पण तोवर देणाऱ्यांनी हात मागे घेतला होता आणि ऑगस्ट २०१५ मध्ये संस्थेला कुलूप लागलं. ट्रस्टींना अपात्र ठरवावं म्हणून खटला झाला तो २०२१ मध्ये हायकोर्टाने फेटाळला, म्हणजे ते काही बदमाश नव्हते. मला तर तेच जास्त भीतीदायक वाटतं. बदमाश नसलेली, मनापासून काम करणारी माणसं, आणि एक धक्का सोसायची ताकद संस्थेत नाही.

तर तुम्ही संस्थापकानंतर आला असाल तर रुजू व्हायच्या आधी, आधी म्हणजे आधीच, तीन गोष्टी कागदावर घ्या. कुठले निर्णय तुम्ही एकट्याने घ्यायचे. कुठले कार्यकारिणीकडे न्यायचे. आणि संस्थापकांची यापुढची भूमिका नक्की काय. मार्गदर्शक हा शब्द दिसला तर तिथेच थांबून विचारा, मार्गदर्शक म्हणजे काय, ऑफिसात रोज बसणार का, स्टाफने त्यांना फोन करायचा का, सह्या कोणाच्या. मी भिडेपोटी विचारलं नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही, पुढचं दीड वर्ष माझ्या प्रत्येक निर्णयावर संध्याकाळी त्यांच्या घरी अपील चालायचं. मी इकडे कोणाची रजा नामंजूर केली की तिकडून फोन, अगं जाऊ दे ना त्याला. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण स्टाफला कळून चुकलं की खरं ऑफिस कुठे आहे.

मोठ्या देणगीदारांची ओळख संस्थापकांनी स्वतः करून द्यावी, शेजारी बसून, आणि दुसऱ्या भेटीला येऊ नये. शक्य असेल तर वर्षभर त्यांनी लांब राहावं, पुस्तक लिहावं, फिरावं, मग हवं तर परत कुठल्यातरी छोट्या कामात यावं. आणि तुम्हीच संस्थापक असाल तर? तर एक परीक्षा घ्या, सलग चार आठवडे सुट्टीवर जा, फोन बंद ठेवून. परत आल्यावर जे जे अडलेलं असेल ती तुमची यादी, ते सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्यायचंय.

ट्रस्टी आणि कार्यकारिणी

बहुतेक संस्थांत कार्यकारिणीचे दोन प्रकार दिसतात. एक, वर्षातून दोनदा येणार, चहा घेणार, छान चाललंय म्हणणार, सह्या करणार. दुसरा, उंटावरून शेळ्या हाकणारा, स्टेशनरी कुठून घेता इथपासून प्रश्न. दोन्हीचं कारण माझ्या मते एकच, आपण त्यांच्यासमोर खरा प्रश्न ठेवतच नाही. आपण अहवाल ठेवतो, फोटोंचा. फोटो बघून माणूस छान म्हणणार नाहीतर कॅमेरा केवढ्याला घेतला विचारणार, तिसरं काय करणार.

मीटिंगच्या आठवडाभर आधी कागद पाठवा. त्यात पैशाचं एक पान, वर सांगितलं तेच, मोकळे पैसे किती महिन्यांचे. आणि दोनच प्रश्न, ज्यांचं उत्तर तुम्हाला खरंच माहीत नाही. अमुक केंद्र तोट्यात आहे, चालू ठेवायचं का, हे असं. एकदा मी असा प्रश्न ठेवला तर पाच वर्षं तोंड न उघडलेले एक ट्रस्टी, आयुष्य कारखान्यात गेलेलं, त्यांनी वीस मिनिटांत असं काही समजावलं की मी चाट पडले. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

बाकी पटापट सांगते. मुदत ठरवा, तीन वर्षं आणि फार तर दोनदा, नाहीतर कोणाला जा म्हणणं जन्मात जमत नाही. ट्रस्टीच्या नातेवाईकाला काम द्यायचं असेल तर त्या ट्रस्टीने चर्चेच्या वेळी बाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं, कितीही स्वस्त आणि चांगलं काम असलं तरी. इतिवृत्त दोन दिवसांत लिहा, दोन महिन्यांनी लिहिलेलं इतिवृत्त म्हणजे कादंबरी असते. आणि एक तरी ट्रस्टी असा हवा ज्याला हिशोब वाचता येतो आणि जो संस्थापकाचा मित्र नाही.

माणसं

सेवा हा शब्द दुधारी आहे. त्याच शब्दावर माणसं कमी पगारात येतात, मन लावून काम करतात, आणि त्याच शब्दाने आपण त्यांची पिळवणूक करतो. आठ वाजले तरी बसा, रविवारी या, अहो आपलं काम नोकरीसारखं थोडंच आहे. मीपण हे वाक्य टाकलेलं आहे, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस सगळ्यात चांगली कार्यकर्ती येते आणि राजीनामा ठेवते, कारण विचारलं तर घरचं सांगते, आणि आपण ते मान्य करून मोकळे होतो.

लोकांच्या हक्कांसाठी लढणारी संस्था आपल्याच माणसांना नीट वागवते असं धरून चालू नका. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संस्थेत २०१८ मध्ये दोन कर्मचाऱ्यांच्या आत्महत्येनंतर बाहेरच्या लोकांकडून पाहणी करून घेतली गेली, फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या त्या अहवालात तिथल्या कामाच्या वातावरणाला विषारी म्हटलं गेलं. काम जेवढं पवित्र तेवढं आतल्या त्रासाबद्दल बोलणं अवघड होतं, कारण बोलणारा स्वतःलाच स्वार्थी वाटायला लागतो.

करायचं काय. पगार बाजारासारखा देता येत नसेल तर निदान तारखेला द्या. रजा लेखी ठरवा आणि स्वतः घ्या, तुम्ही घेतली नाही तर कोणी घेत नाही. दुःखाच्या, हिंसेच्या केसेस हाताळणाऱ्या माणसाला महिन्यातून एकदा कोणाशी तरी मोकळं बोलता येईल अशी सोय, तो कोणी त्याचा साहेब नको. राजीनामा देणाऱ्याशी महिनाभराने, सगळे कागद आणि पैसे मिळाल्यानंतर, परत बोला. तेव्हा खरं कारण सांगतात.

आणि काम न करणाऱ्या माणसाचं काय? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. चांगला आहे हो बिचारा, पंधरा वर्षं आहे, पण काम होत नाही. आपण त्याला काढत नाही, आपण त्याचं काम दुसऱ्याला देतो, आणि अशा प्रकारे काम करणाऱ्याला शिक्षा होते. माझी पद्धत अशी, आधी समोर बसून स्पष्ट शब्दांत सांगायचं काय होत नाहीये, आडून नाही, बहुतेक वेळा त्याला कोणी कधी सांगितलेलंच नसतं. मग तीन महिने, काय बदललं पाहिजे ते लिहून, दर पंधरा दिवसांनी भेट. शिकवायची सोय करायची. नाहीच झालं तर सन्मानाने निरोप, नियमाप्रमाणे सगळे पैसे देऊन. पाच जणांच्या बाबतीत हे केलं त्यातले तीन सुधारले. दोघांना जावं लागलं, त्यातला एक अजून माझ्याशी बोलत नाही.

स्वयंसेवकांबद्दल थोडक्यात. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आलेला माणूस आहे, त्याला नियम कसे लावायचे असं वाटतं, पण नियम नसले की तोच पहिला कंटाळतो. काम काय, किती तास, किती महिने, कोणाला विचारायचं हे एका पानावर द्या. आल्यावर काम तयार ठेवा. दोन तास बसून राहिलेला स्वयंसेवक परत येत नाही. मुलांशी किंवा असहाय माणसांशी काम असेल तर चौकशी केल्याशिवाय कोणालाच आत घेऊ नका, कितीही मोठ्या माणसाची चिठ्ठी असो.

घंटी

ऑक्सफॅम या ब्रिटनमधल्या मदतसंस्थेचं प्रकरण आठवत असेल. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत मदतीला गेलेल्या काही कर्मचाऱ्यांचं लैंगिक गैरवर्तन, २०११ मध्ये आतल्या आत चौकशी, काहींना काढलं, काहींना राजीनामा देऊन जाऊ दिलं, नियामकाला पूर्ण चित्र सांगितलं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते पेपरात आलं, हजारो नियमित देणगीदार सोडून गेले, आणि २०१९ मध्ये त्या नियामकाने, म्हणजे ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने, संस्थेला अधिकृत ताकीद दिली. २०११ मध्येच सगळं उघड केलं असतं तर नाचक्की झाली असतीच, पण सात वर्षांनी झाली तेवढी झाली नसती. संस्थेचं नाव जपायचं म्हणून दाबून टाकलेली गोष्ट शेवटी संस्थेचंच नाव घेऊन बाहेर येते.

तक्रारपेटी लावून काही होत नाही, आमच्या पेटीत दोन वर्षांत एक चॉकलेटचा कागद निघाला. लाभार्थी तुमच्याच दारात, तुमच्याच माणसासमोर तुमची तक्रार करणार नाही. त्यासाठी असा फोन नंबर हवा जो केंद्रातल्या माणसाकडे लागत नाही. वर्षातून दोनदा बाहेरच्या कोणीतरी, दुसऱ्या संस्थेतल्या मैत्रिणीने सुद्धा चालेल, लोकांशी बोलावं, आणि तेव्हा आपला एकही माणूस तिथे नको. सगळ्यात उपयोगी प्रश्न मला कोणता सापडला सांगू? आमची सेवा कशी वाटली असं विचारायचं नाही, सगळे छान म्हणतात. विचारायचं, तुमच्या ओळखीत कोणी यायचं बंद केलंय का, का बरं. दुसऱ्याबद्दल लोक खरं बोलतात.

मोजण्याचंही तसंच. किती शिबिरं झाली, किती लोक आले हे फंडरसाठी मोजावंच लागतं, पण स्वतःसाठी एकच आकडा निवडा जो वाईट आला तर तुम्हाला झोप लागणार नाही. सहा महिन्यांनी किती जण टिकले, हा आमचा.

पैशाला नाही म्हणणं

एखादा फंडर येतो, मोठी रक्कम, म्हणतो तुम्ही शिक्षणात छान काम करता, आता पाण्यावर करा. आपण करतो, कारण पगार. मग आरोग्य, मग आणखी काही, आणि पाच वर्षांनी एक ना धड भाराभर चिंध्या. एमएसएफ, म्हणजे सीमापार डॉक्टरांची ती संस्था, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तिच्याकडे इतका पैसा यायला लागला की थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर केलं, त्सुनामीसाठी आता पुरे, यापुढे नको. आलेला जास्तीचा पैसा दुसऱ्या संकटांसाठी वापरू का असं देणाऱ्यांना विचारलं आणि बहुतेकांनी हो म्हटलं. २०१६ मध्ये याच संस्थेने निर्वासितांच्या धोरणावरून युरोपीय संघाचा पैसा घेणं थांबवलं. आता त्यांच्याकडे लाखो छोटे देणगीदार आहेत म्हणून त्यांना परवडतं हे खरं, पण मग परत मोकळ्या पैशाच्याच मुद्द्यावर येतो की नाही आपण.

नव्या प्रकल्पाआधी आम्ही तीन गोष्टी विचारतो. हा फंडर नसता तर हे काम आपण केलं असतं का. यासाठी जुन्या कुठल्या कामातून माणूस काढावा लागेल. आणि पैसे संपल्यावर लोकांना काय सांगणार. तिसऱ्याला उत्तर नसेल तर मी सही करत नाही, दोनदा पस्तावले आहे.

काम संपलं तर काय हाही विचार करून ठेवा, हसू नका. अमेरिकेतली मार्च ऑफ डाइम्स १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध सुरू झाली, १९५५ मध्ये साल्कची लस यशस्वी ठरली, म्हणजे ज्यासाठी जन्म झाला ते झालं. १९५८ मध्ये त्यांनी मुलांमधल्या जन्मजात व्यंगांकडे मोर्चा वळवला, उघडपणे ठरवून. बंद करणं हाही तेवढाच चांगला निर्णय ठरला असता असं मला वाटतं. वाईट एवढंच की काही न ठरवता चालू राहणं, आणि तेच सगळ्यात जास्त दिसतं.

हां, तर त्या महिन्याचे पगार. त्याच संध्याकाळी सगळ्या स्टाफला बोलावून सांगितलं की पगार उशिरा होतील, का होतील, आणि खात्यात किती मोकळे आहेत तो आकडाही सांगितला. कोणीतरी विचारलं मॅडम तुमचा? म्हटलं सगळ्यात शेवटी. प्रशिक्षणवाल्या फंडरला मेल टाकला की प्रशिक्षण देणाऱ्या माणसांच्या पगाराचा भाग या रकमेतून करू द्याल का, तिसऱ्या दिवशी हो आलं, नुसतं हो नाही, वर विचारलं की हे प्रपोजलमध्येच का नव्हतं. बाकीच्यांसाठी एका ट्रस्टींनी बिनव्याजी रक्कम दिली, ठराव करून, परतीची तारीख घालून, आमच्याकडे ते नियमात बसत होतं, तुमच्याकडे बसतं का ते आधी बघून घ्या. नऊ दिवस उशिरा पगार झाले. माझा पुढच्या महिन्यात. आणि ताईंना मी सांगून ठेवलं की दर सोमवारी सकाळी मला एकच आकडा मेसेज करायचा, मोकळे किती दिवस. आजचा आलाय, एकशे चार.